मनूचा मुराळी

श्री गुरुदेव दत्त

विश्रामबाग, सांगली
ता. १८ जून १९७८

चिरंजीव आप्पासो,

आक्काचा तुला पोटभर आशीर्वाद. आम्ही सगळ्याजणी इथं धडधाकट आहोत. तुमची खुशाली आजवर आपल्या गावच्या नाथाजी कंडक्टरच्या तोंडून घोटघोट ऐकायची, तीही एसटी सुटायच्या आत. या वेळी तुझ्या हातची वाचली.

पत्र आलं तेव्हा मी हळद निवडत बसले होते. इथल्या पेठेतली हळद आमच्याकडं निवडायला येते, त्यावर आमची चूल चालते. हात पिवळे, पदर पिवळा, पत्र घेऊ कशी? म्हणून इथल्या एका पोरीला, विजयमालाला म्हटलं, "बघ गं कुणाचं हाय." तिनं पाठीमागचं नाव वाचलं आणि माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. मग कसले हात नि कसलं काय, तसंच हिसकावून घेतलं. आता सगळ्या पत्रावर माझी बोटं उमटली आहेत. अक्षर मात्र झकास आहे रं तुझं, एकेक परेडला उभं केल्यासारखं. मी घर सोडलं तेव्हा पाटीवरचा 'ग' तू पालथा काढायचास. पलटणीनं तुला सुधारलं म्हणायचं.

तू विचारलंस, हे तुमचं घर म्हणजे नक्की काय आहे, आश्रम का दवाखाना? लोक आश्रम म्हणतात. आम्ही घरच म्हणतो. मुंबईच्या त्या गल्ल्यांतून सुटलेल्या बाया इथं राहतात. कुणी पळून आलेली, कुणाला पोलिसांनी सोडवलेली, कुणाला आजारी पडली म्हणून बाहेर टाकलेली. चालवणाऱ्याही आम्हीच, त्याच वाटेनं आलेल्या. घर सुरू केलं धोंडुबाईनं. ती जतकडची. मुंबईतून निसटली ती थेट औदुंबरला आली आणि घाटाच्या पायरीवर बसून राहिली. दुपारी प्रसादाच्या पंगतीत कुणीतरी तिच्या पुढ्यातही पत्रावळ टाकली, आणि कोण, कुठली, काही विचारलं नाही. ती म्हणायची, "द्येवानं इचारलं न्हाई, मग मी कोण इचारणार?" त्याच हिमतीवर तिनं इथं दोन खोल्या घेतल्या. तेव्हा विश्रामबागेत नुसती शेतं होती. धोंडुबाई गेली त्याला आता काही वर्षं झाली. दर गुरुवारी आरती होते, रोज सकाळी पादुकांना पाणी घालतो, आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला असतो. तुझी आक्का इथं लय मोठी माणूस आहे बरं का. पोरी मला घाबरतात. निदान तसं दाखवतात तरी.

मिरजेच्या स्टेशनावर आणि इथल्या स्टँडवर आम्ही पाळीपाळीनं उभ्या राहतो. गावाकडची एकटी, भांबावलेली पोरगी उतरली, की तिला हेरणारी माणसं तिथं असतातच. त्यांच्या आधी आम्ही पोचायचं. अशीच एका पोरीचा हात धरून मी ओढत होते, तेव्हा नाथाजीनं मला ओळखलं. "तू मनू न्हवं?" म्हणाला, आणि हातातली तिकिटाची पेटी खाली पाडली.

आता तुझ्या मुद्द्यावर येते. नागपंचमीला ये म्हणालास. आप्पा, ते वाक्य मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. पंचमी आली की इथं माझी केवढी धावपळ असते सांगू? आमच्या ज्या पोरींची लग्नं झाली, किंवा ज्या पाचगणीच्या शाळेत कामाला लागल्या, त्यांना आम्ही पंचमीला आणतो. सासरच्या लेकीला माहेरी न्यायला भाऊ मुराळी होऊन जातो ना, तसं. पण यांना कुठला भाऊ? मग मुराळी मी. नऊवारी नेसून, हातात लाह्यांची पिशवी घेऊन मी दारात उभी राहते. आपल्या फलटणजवळच्याच एका सासूनं मला विचारलं होतं, "आवं, बाईमाणूस कुठं मुराळी असतंय व्हय?" मी म्हटलं, "आमच्यात असतंय." काय बोलणार ती! दिली पाठवून.

सगळ्यांची मुराळी झाले, मला मात्र कुणी न्यायला आलं नाही. हे रडगाणं म्हणून लिहीत नाही, तुझं पत्र वाचून मनात आलं ते लिहिलं.

तू लिहिलंस तसं शेवटच्या एसटीनं, दिवेलागण झाल्यावर यायचं. पांढरं लुगडं नेसायचं. तुझ्या बायकोची, शालूवहिनीची मावसबहीण, मिरजेची सुलोचना नर्स म्हणायचं. अरे, पण मला सुई बघितली तरी घाम फुटतो! गावातल्या एखाद्या म्हातारीनं नाडी बघ म्हणून हात पुढं केला तर मी काय सांगू? दोन दिवस पंचमीचे आणि शंभर बाया औषध मागायला. हसले बाबा मी. विजयमाला म्हणाली, मावशी एकट्याच का हसताय.

आईला दिसत नाही लिहिलंस. एका डोळ्यानं का दोन्ही? जेवते का नीट? चिडचिड करते का अजून? करत असली तर बरी आहे असं समज. नाथाजीबरोबर हळदीची पुडी पाठवते, तिला दे. कुणाची विचारलं तर काय सांगायचं ते तूच ठरव.

यायचं नक्की करून कळवते. घाई करू नकोस.

तुझी
आक्का

(नाव घालू नको म्हणालास, घातलं नाही. पाकीटही नाथाजीच्याच पत्त्यावर टाकते.)


श्री गुरुदेव दत्त

विश्रामबाग, सांगली
ता. १४ जुलै १९७८

आप्पासो,

आशीर्वाद आहेतच, ते काही रागावर अवलंबून नसतात. तुझं दुसरं पत्र मिळालं. अक्षर बघूनच कळलं की तू चिडला आहेस. परेड पार मोडली होती.

"आक्का, एवढं काय मोठं मागतोय? दोन दिवस एक नाव घ्यायचं. पोरीची, लीलाची सोयरीक ठरत आलीय. आई रोज तुझी आठवण काढतेय. तू होय पण म्हणत नाहीस, नाही पण म्हणत नाहीस." असं लिहिलंस. बरोबर आहे तुझं. मी टाळत होते. गमतीवर नेलं, कारण खरं लिहायला बसले की हात थांबायचा. आज लिहिते. शालूवहिनीला वाचून दाखव. लीलालाही दाखव, ती काही कुकुलं बाळ नाही.

मुंबईच्या त्या घरात बाईला नेलं, की पहिल्यांदा तिचं नाव काढून घेतात. बाकी सगळं नंतर. मला तिथं चमेली म्हणायच्या. दारात कुणी आलं की चमेली. तापानं फणफणले तरी चमेली. पुढं पुढं कुणी 'मनू' म्हणालं असतं तर मी मागं वळून बघितलं असतं का, देव जाणे.

इथं आले तेव्हा धोंडुबाईनं मला आंघोळ घातली, अंगाला हळद लावली, पादुकांपुढं उभं केलं आणि म्हणाली, "आता तुजं नाव सांग. बापाचं सांग, गावाचं सांग. मोठ्यानं." माझ्या तोंडून आवाज फुटेना. ती रागावली नाही. म्हणाली, "गप ऱ्हायलीस तरी चालंल. पायजे तवा सांग. पर खोटं नाव न्हाई सांगायचं या घरात."  मग एका गुरुवारी आरती चालू असताना, झांजांच्या गलक्यात मी माझं नाव ओरडले. कुणाला ऐकू गेलं नसेल असं वाटलं होतं. आरती संपल्यावर धोंडुबाईनं माझ्या हातावर खडीसाखर ठेवली आणि म्हणाली, "ऐकलं."

तोच आमचा रिवाज. आमचा सगळा धर्म म्हण हवं तर. विजयमालाला नाव सांगायला जवळजवळ वर्ष लागलं. तिला तिच्या सख्ख्या भावानंच नेऊन विकलं. पंचमीच्या आदल्या दिवशी, नागचतुर्थीला, आम्ही बाकीच्या भावाचा उपवास धरतो, तेव्हा ही चौकात बसून सगळ्यांसमोर भाकरी खाते. कुणी तिला काही म्हणत नाही. मी तिला लोणचं वाढते. त्या पोरीच्या देखत मी सुलोचना नर्स होऊन कशी बाहेर पडू, तूच सांग. तिला पादुकांपुढं उभं केलं ते मीच रे.

दुसरी गोष्ट. तू लिहिलंस की घराचा पत्ता तुला आत्ता उन्हाळ्यात कळला. खोटं कशाला बोलतोस बाबा? माघात तू आला होतास. गुरुवार होता, मी लुगडी वाळत घालत होते. फाटकापाशी खाकी कोट घातलेला माणूस उभा राहिलेला दिसला. कान अगदी आपल्या बापूंचे, थोडे बाहेर आलेले. तू फाटकाला हात लावलास. मी लुगड्याच्या आड उभी राहून बघत होते. मग तू हात काढलास आणि स्टँडच्या वाटेनं निघून गेलास. आपल्या दोघांत पंधरा-वीस पावलांचं अंगण होतं.

तू म्हणशील, आक्का, मग हाक का नाही मारलीस?

हे मी आजवर धोंडुबाईशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. तुला घरात काय सांगितलं होतं? मनू पाचगणीला शाळेत आयाचं काम करायला गेली, तिथून मुंबईला गेली आणि पटकीनं मेली. हो ना? पाचगणीच्या कामाचं खरं होतं, तेवढ्यापुरतं. बाजारातली ती बाई हेच सांगून मला घेऊन गेली. नवऱ्यानं टाकलेली पोर दारात बसून होती, काम मिळतंय म्हणून बापूंनी पाठवलं. त्यांना काय ठाऊक? त्यात त्यांचा दोष नाही.

पण मी पटकीनं मेले नाही, आणि बापूंना ते माहीत होतं. गावातल्या कुणी गिरणीकामगारानं त्यांना खबर दिली असणार. ते मला शोधत मुंबईला आले होते. संध्याकाळी मी खालच्या दारात बसले होते. समोरून फेटा दिसला. आपल्या गावची बांधणी, ती काय लपते? बापूच होते. त्यांनी मला बघितलं. आप्पा, मी जिवाच्या आकांतानं हाक मारली, "बापू!" त्यांनी फेट्याचा शेव तोंडावर ओढला आणि ते चालायला लागले. मी मागं धावले, तर पायरीवरच मला धरलं. मी हाका मारत होते आणि त्यांचे खांदे हलत होते, एवढं शेवटचं दिसलं.

गावी जाऊन त्यांनी माझं दहावं घातलं. नीरेच्या काठावर तुझं डोकं भादरलं, हे मला नाथाजीनं सांगितलं. दहा वर्षांचं पोर, जिवंत बहिणीसाठी तुझे केस गेले. बापूंचा मी राग केला, पुष्कळ वर्षं केला. ते गेले, आता करत नाही.  तूही करू नकोस. पण त्या दिवसापासून घरच्या माणसाला हाक मारायला माझी जीभ उचलत नाही. तू फाटकातून वळलास तेव्हा मला तोच शेव दिसला. हाक मारली आणि तू ऐकून चालतच राहिलास, तर? ते दुसऱ्यांदा मला झेपलं नसतं.

म्हणून आता माझं म्हणणं ऐक. यायला मी एका पायावर तयार आहे. आईच्या हातचं पाणी प्यायचं आहे, तिला डोळे भरून बघायचं आहे, आणि मला बघायला तिला डोळे उरले नाहीत याचं मला किती वाईट वाटतं ते इथं लिहीत नाही. पण मी येईन ती मनू म्हणून येईन. दिवसाउजेडी येईन. तुला ते जमत नसेल तर लीलाचं लग्न होऊन जाऊ दे, मी समजून घेईन. खरंच घेईन. तिच्या वाटेत काटा व्हायची माझी इच्छा नाही. मात्र जमत असेल तर मुराळी येतो तसा ये. फाटकात उभा राहा आणि कुणाला न्यायला आलास ते नाव घेऊन सांग. या वेळी हाक तू मारायची.

नाही आलास तरी चतुर्थीचा उपवास मी धरणारच. एकही चतुर्थी चुकलेली नाही. तू लढाईवर होतास तेव्हा तर नुसत्या पाण्यावर धरली होती. तुझ्या पलटणीनं तुला सांभाळलं असं समजू नकोस.

मनू


पिंपळमळा, तालुका फलटण
नागपंचमीचा दुसरा दिवस
ऑगस्ट १९७८

माझ्या सगळ्या पोरींनो,

पादुकांना पाणी घातलंत का? हळदीच्या पोत्यांवर ताडपत्री टाकलीत का? नसेल तर पत्र खाली ठेवा, आधी ती टाका आणि मग वाचायला बसा. विजयमालानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी मध्ये मध्ये बोलायचं नाही.

मी सुखरूप पोचले. एसटीत कऱ्हाडपर्यंत आप्पासो एक शब्द बोलला नाही. तुमच्यासमोर फाटकात केवढा आवाज काढला होता! मला अजून खरं वाटत नाही. विजयमाला, तू कंबरेवर हात ठेवून "कोण पायजे?" असं विचारलंस, फौजदारासारखं. पलटणीतला गडी तो, पण चाचरला. "त्या... इथल्या बाई" म्हणाला. तू पुन्हा म्हणालीस, "नाव काय?" मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि माझ्या हातातल्या पिठाचा गोळा झाला होता. मग तो ओरडला, "मनूला न्यायला आलोय! मी तिचा मुराळी हाय!" पलीकडच्या बंगल्यातले लोक बाहेर आले ते तुम्ही बघितलंच. आणि तू त्याला काय बजावलंस? "न्हेताय तसं आणून सोडायला बी तुमीच यायचं." म्हणजे घर माझं सासर झालं आणि तुम्ही सगळ्या माझ्या सासवा! आप्पासो वाटेत मला विचारत होता, ती पोरगी कोण गं, लय कडक हाय. मी म्हटलं, माझ्या मागं किल्ल्या तिच्याच कमरेला जाणार आहेत.

कऱ्हाड सोडल्यावर तो बोलायला लागला. म्हणाला, "आक्का, माघात आलो तवा कडी वाजवायचीच हुती. हात उचलला, पर जीव झाला न्हाई." मग थोड्या वेळानं म्हणाला, "तू गेलीस आन बापूनं परत कवा लिंबाला झोका बांधू दिला न्हाई. पंचमी आली की दोर न्हेऊन माळ्यावर टाकायचा. आमाला वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय."  चतुर्थी होती, पोटात काही नव्हतं, आणि मला बापूंसाठी रडू आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आलं.

आता गावातलं ऐका. चार-साडेचारला उतरलो, लख्ख ऊन. स्टँडवरच्या हॉटेलात सगळी मोठी माणसं बसलेली. मी निळं इरकल नेसले होते, तुम्हीच काढून दिलेलं. आमच्या भावकीतले हंबीरराव तिथं होते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. ते म्हणाले, "काय आप्पासो, पावणी कुठली म्हणायची?"

पोरींनो, त्या क्षणी मला वाटलं, हा आता सुलोचना नर्स म्हणणार. म्हणाला असता तरी मी त्याला दोष दिला नसता. मी खाली मान घालून उभी राहिले. आप्पासो म्हणाला, "पावणी न्हवं. माजी भन हाय. मनू."

"मनू?" तात्या म्हणाले. "मनू तर कवाच मेली की."

"मेली न्हवती तात्या. आमी मारली हुती तिला."

 आप्पासोनं माझी पिशवी उचलली आणि गल्लीच्या मधोमध चालायला लागला, मी त्याच्या मागं. दारादारांत बाया उभ्या. तानुबाई नावाची एक म्हातारी, माझ्या लहानपणी आम्हाला बोरं द्यायची, ती पुढं आली आणि वाकून माझ्या पायांकडं बघायला लागली. मला आधी कळेना. मग लक्षात आलं, भुताचे पाय उलटे असतात ना! मी लुगडं जरा वर धरलं आणि म्हटलं, "बघ म्हातारे, सरळ हायेत." ती दचकली, मग हसली, आणि हसता हसताच तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

आई ओट्यावर बसली होती, लाह्या पाखडत. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही तिला. पावलं ऐकून म्हणाली, "कोण हाय?" आप्पासोनं मला पुढं केलं. शालूवहिनी दारातून माझ्याकडंच बघत होती. माझ्यावरच आली. मी म्हटलं, "मनू."

सूप थांबलं. मला वाटलं, आता ती रडेल, छाती बडवेल, नाहीतर आत निघून जाईल. आमची आई तसलं काही करत नाही. म्हणाली, "लय येळ लावलास गं. पाय धू आन आत ये. आज उपास असंल न्हवं तुजा, भावाचा?"

तिला माहीत होतं. मी कुठं होते ते माहीत नव्हतं, पण उपवास धरत असणार हे तिला माहीत होतं. मग मात्र मी तिच्या मांडीवर पडून रडले, लहान पोरीसारखी, आणि लाह्या सगळ्या सांडल्या. त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या.

सगळं गोड झालं असं समजू नका. भावकीतल्या दोन घरांनी पंचमीला आपल्या बाया आमच्याकडं पाठवल्या नाहीत. हंबीरराव तात्या काल घरावरून गेले, बोलले नाहीत. लीलाच्या सोयरिकीचं अजून काही कळलेलं नाही. तिकडच्यांना आप्पासोनं मला आणायच्या आधीच स्वतः जाऊन सांगितलं, सगळं सांगितलं. ते म्हणाले, विचार करून कळवतो. मी शालूवहिनीचे हात धरून म्हटलं, वहिनी, माझ्यापायी हे झालं. ती भाकऱ्या थापत होती, हात सोडवून घेतले आणि म्हणाली, "आक्का, आमच्या लेकीला पंचमीला आमी आणायला गेलो आन त्यांनी धाडली न्हाई, तर? तसल्या घरात द्यायचीच कशाला?" पण तिच्या डोळ्यांत काळजी होती, ती मला दिसली.  लीला रात्री माझ्याच शेजारी अंथरूण टाकून झोपली.

आता कालचं सांगते, मग पुरे. आप्पासोनं मला न्यायला यायच्या आधीच लिंबाला झोका बांधून ठेवला होता. माळ्यावरचा दोर कुजला होता म्हणून फलटणहून नवा आणला. वारुळाला दूध-लाह्या वाहून आलो, पुरणाची दिंडं खाल्ली, आणि दुपारी बाया जमल्या. थोड्याच जमल्या, पण जमल्या. तानुबाई पहिली आली. लीलानं मला झोक्यावर बसवलं. माझं वजन तुम्हाला माहीत आहे, फांदी कुरकुरली, सगळ्या हसल्या.

आमच्याकडं झोक्यावर बसलेल्या बाईनं नाव घ्यायचं असतं, नवऱ्याचं. कुणीतरी सवयीनं ओरडलं, "नाव घ्या, नाव घ्या!" आणि मग ओरडणारीच्या लक्षात आलं, आपण कुणाला काय म्हणालो.  लीलानं झोका धरून ठेवला. माझं धोंडुबाईपुढं झालं होतं, तेच पुन्हा. मी दोर घट्ट धरला आणि म्हटलं, "मनुबाई. रामजी रणवऱ्याची लेक. पिंपळमळ्याची."

 तेवढ्यात ओट्यावरून आई ओरडली, "ऐकू येत न्हाई गं! मोठ्यानं सांग!"

मी मोठ्यानं सांगितलं.

आप्पासो मला परवा आणून सोडेल. आई म्हणते, त्या पोरींसाठी लाह्या न्हे, आणि पुढच्या पंचमीला ज्यांना कुठं जायला नाही त्यांना घेऊन ये. मी म्हटलं, "आई, एसटी भरंल." ती म्हणाली, "भरू दे." विजयमाला, तुला भाऊ नको ते ठीक आहे. आई चालेल का विचार करून ठेव.

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव आप्पासो घालणार आहे. आत्ता माझ्या शेजारी बसून दौत उघडतो आहे.

तुम्हा सगळ्यांची,
मनुबाई रामजी रणवरे
मुक्काम माहेर, पिंपळमळा